आणीबाणीत पिण्याचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च ते मे या काळात गडांवर भटकणारे लिहितात, जुलै-ऑगस्टमध्ये पुरात अडकलेली गावं. प्रसंग वेगळे, पण प्रश्न बहुतेक तेच. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गडावर किंवा रानात वाट चुकलो आणि पाणी संपत आलंय. सगळ्यात आधी काय करायचं?

सावलीत बसा. तहान लागल्यावर पहिला विचार येतो तो धावत सुटण्याचा, आणि उरलंसुरलं पाणी घामातून जातं ते तेव्हाच. सगळ्यांच्या बाटल्या एकत्र करा आणि कोणाकडे किती आहे ते मोजा. कोण जास्त थकलंय तेही पाहा.

बाटलीत तळाशी उरलेलं पाणी ‘शेवटी लागेल’ म्हणून राखून ठेवू नका. तहान लागली की प्या. चालणं मात्र मोजकंच ठेवा : सकाळी अकरापर्यंत आणि दुपारी चारनंतर. चिवडा, फरसाण, शेंगदाणे बंद करा, कारण पचनालाही पाणी लागतं. लघवी गडद पिवळी आणि थोडीच होत असेल, तर शरीर आधीच कोरडं पडायला लागलंय असं समजा.

नवी वाट शोधण्यापेक्षा आलेल्या वाटेने माघारी फिरा. सह्याद्रीत बहुतेक गडांच्या पायथ्याला वाडी असते आणि तिथल्या माणसांना प्रत्येक झरा ठाऊक असतो.

२. एका माणसाला दिवसाला किती पाणी धरून चालायचं?

सावलीत, फारशी हालचाल नसेल तर पिण्यासाठी अडीच ते तीन लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात गड चढणार असाल तर चार ते पाच लिटर. नुसतं पाणी भराभर पिऊन घाम गाळत राहिलं, तर रक्तातलं मीठ कमी होऊन डोकं दुखतं, मळमळतं. म्हणून चिमूटभर मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत किंवा ओआरएस सोबत असू द्या.

३. सह्याद्रीत उन्हाळ्यात पाणी शोधायचं कुठे?

हा डोंगर बेसॉल्टच्या थरांचा आहे. भेगा पडलेल्या किंवा सच्छिद्र थरातून पाणी खाली झिरपतं आणि खालच्या घट्ट थराला अडून डोंगराच्या अंगातून बाहेर पडतं. त्यामुळे झरे बहुधा कड्याच्या पायथ्याशी आणि दोन थरांच्या सांध्यावर सापडतात. अनेकदा या सांध्यावर तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. भर उन्हाळ्यात कड्याच्या पोटात ओलसर काळा डाग, शेवाळ किंवा एखादा हिरवा पट्टा दिसला तर तिकडे जाऊन पाहावं.

ओढा कोरडा दिसला म्हणून परत फिरू नका. ओढ्याच्या वळणाची बाहेरची बाजू, मोठ्या धोंड्याच्या मागची खोलगट जागा, दोन ओढ्यांचा संगम अशा ठिकाणी वाळू उकरून बघा. हात-दीड हातावर ओल लागली तर थांबा. खड्ड्यात पाणी पाझरून जमा होतं. याला झिरा म्हणतात, काही भागांत डवरा. पहिलं गढूळ पाणी उपसून टाका आणि दुसऱ्यांदा भरलेलं घ्या. आदिवासी पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात वाटी-वाटीने असंच पाणी भरतात. त्यांच्या झिऱ्यावर गेलात तर आधी विचारा आणि गरजेपुरतंच घ्या. ते त्यांचं दिवसभराचं पाणी असतं.

झाडंही सांगतात. उंबर, जांभूळ, करंज एका ओळीत दाट दिसले तर तिथे ओढा किंवा जमिनीखाली पाणी असण्याचा संभव मोठा. गुरांच्या पायवाटा एकत्र येऊन उताराला लागत असतील तर त्या बहुधा पाणवठ्यावर जातात. मधमाश्याही पाण्यावर येतात, पण सावध राहा. गडांवर कड्याला आग्या मोहोळं असतात, आणि टाक्याजवळ धूर केला की माश्या उठतात. पाणी उकळायची चूल मोहोळापासून लांब मांडा.

४. गडावरच्या टाक्यातलं पाणी पिण्यासारखं आहे, हे कसं ओळखायचं?

गड बांधताना आधी पाणी बघायचं, हा जुना नेम. म्हणून खडकात खोदलेली टाकी जवळजवळ प्रत्येक गडावर आहेत. सिंहगडाचं देवटाकं, राजगडाचा पद्मावती तलाव, रायगडाचा गंगासागर ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण एकाच गडावर एक टाकं पिण्याचं असतं आणि शेजारचं गुरांचं किंवा धुण्याचं. ते डोळ्यांनी कळत नाही, गडावरच्या माणसाला विचारूनच कळतं.

विचारायला कोणी नसेल तर सावलीतलं टाकं निवडा. कातळाच्या पोटात खोदलेल्या खांबटाक्यात ऊन आणि पालापाचोळा कमी जातो, पाणी गार राहतं. ज्याच्या वरच्या उतारावर मुक्कामाची जागा किंवा शौचाची जागा असेल, ते टाळा. मेलेला प्राणी, तेलकट तवंग, कुजका वास असेल तर पुढे चला. पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखी हिरवी-निळसर साय असेल, तर ते पाणी उकळूनही पिऊ नका. काही शेवाळांचं विष उकळण्याने जात नाही. बेडूक, छोटे मासे, पाणकिडे असतील तर पाणी विषारी नसावं इतकाच त्याचा अर्थ. ते उकळावं लागणारच.

टाक्यात उतरू नका. कडा तासलेल्या असतात, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि आत पडलेल्याला वर यायला धरायला काही नसतं. दोरीला बाटली बांधून पाणी काढा. खरकटी भांडी आणि साबण टाक्यापासून लांब. तुमच्या मागून येणाऱ्यालाही हेच पाणी प्यायचं आहे.

५. ओढा वाहता आहे, तळ दिसतो इतका स्वच्छ आहे. वाहतं पाणी शुद्धच असतं ना?

नाही. हा समज मला सगळ्यात जास्त वेळा खोडून काढावा लागतो. वर कुठे गुरं बसली असतील, माणसं शौचाला गेली असतील, तर जंतू वाहत्या पाण्यातही येतात आणि ते दिसत नाहीत. कॉलरा, विषमज्वर, कावीळ, आमांश यांचे जंतू असलेलं पाणीही काचेसारखं नितळ असू शकतं. दगडातून बाहेर पडतो त्या तोंडाशीच झरा धरला तर धोका खूप कमी. तरीही सोबत लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर उकळाच.

६. पाणी किती वेळ उकळायचं? दहा मिनिटं, वीस मिनिटं?

खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. तळाशी बुडबुडे दिसणं म्हणजे उकळी नव्हे. सगळं भांडं खदखदायला हवं. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आपल्या कोणत्याही गडावर एक मिनिट चालतं. हिमालयात जाणाऱ्यांनी तीन मिनिटांचा नियम पाळावा.

वीस मिनिटं उकळायच्या सल्ल्याने सरपण आणि गॅस संपतो. पुरात ओली लाकडं पेटवत बसलेल्या घरात तो सल्ला इतका जड जातो की लोक उकळणंच सोडून देतात. म्हणून हा आकडा लक्षात ठेवा : एक मिनिट.

उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा. त्यात पेला किंवा हात बुडवू नका, ओगराळ्याने काढा. एक दिवसात संपवा. उकळल्याने जंतू मरतात, पण पुन्हा हात लागला तर पुढचं संरक्षण त्यात नसतं. ते क्लोरीनमध्ये असतं (प्रश्न ९).

७. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काम झालं का?

अर्धं काम झालं. तुरटीने गाळाचे कण एकमेकांना चिकटतात आणि तळाला बसतात. त्यांच्यासोबत बरेच जंतूही खाली जातात, पण सगळे नाहीत. तुरटीचा खडा पाण्यात काही वेळा फिरवा, पाणी तासभर स्थिर ठेवा, वरचं निवळ पाणी हळूच ओतून घ्या आणि मग उकळा किंवा क्लोरीन घाला. हा क्रम उलटा करू नका. गढूळ पाण्यात क्लोरीन घातलं तर ते गाळातच खर्ची पडतं.

तुरटी नसेल तर निवळीचं बी दगडावर उगाळून घालतात. ‘निवळणे’ आणि ‘निवळी’ हे शब्द एकाच घरातले आहेत. शेवग्याच्या पूर्ण वाळलेल्या शेंगेतलं बी सोलून, कुटून घातलं तरी गाळ बसतो.

काहीच नसेल तर जुनी सुती साडी. नवी नको. धुऊन धुऊन विरलेल्या सुताच्या फटी बारीक होतात. साडीच्या आठ घड्या करून पाणी गाळा. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांच्या गटाने बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना हे शिकवलं आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी घडीत अडकतात. आपल्या आज्या पाणी गाळूनच भरायच्या, त्यात अर्थ होता. गाळून झाल्यावर फडकं उलटं करून धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

८. पुराने वेढलंय, नळ बंद, वीज नाही. घरात पाणी कुठून मिळेल?

पुराचं पाणी हा अगदी शेवटचा पर्याय. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला चहूकडे पाणी होतं आणि प्यायला घोट नव्हता. त्या पाण्यात संडासांच्या टाक्या, मेलेली जनावरं, डिझेल, शेतातली औषधं सगळं मिसळलेलं असतं. शेवटच्या दोन गोष्टींवर उकळण्याचा उपयोग नाही (प्रश्न १४).

आधी घरात बघा. गिझरच्या टाकीत बरंच पाणी असतं. बटण बंद करा, शक्य असेल तर प्लगही काढा, गार होऊ द्या, मग काढा. गच्चीवरची टाकी पुराच्या पातळीच्या वर आणि झाकलेली असेल तर ते पाणी चांगलं. फ्रीजमधला वितळलेला बर्फही मोजा.

आणि वरून पडतोय तो पाऊस. कोकणात आणि गोव्यात पागोळ्यांखाली घागर लावायची सवय होतीच. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं छपराचं पाणी वाहून जाऊ द्या, त्यात पक्ष्यांची घाण आणि धूळ असते. त्याहून चांगलं म्हणजे धुतलेली ताडपत्री किंवा चादर उघड्यावर चारी कोपऱ्यांना ताणून बांधायची, मध्ये खोलगट ठेवायची आणि खाली पातेलं. हे पाणी बहुधा सगळ्यात स्वच्छ, तरी उकळा.

मदतीच्या बाटल्या आल्या तर झाकणाचं सील बघा. भांडी पुराच्या पाण्याने धुऊ नका. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यातून चालणं टाळा. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत लेप्टो या तापाची (लेप्टोस्पायरोसिस) साथ आली होती, आणि लेप्टो कातडीवरच्या जखमेतून शिरतो. चालावंच लागलं तर आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा.

९. क्लोरीनची गोळी आणि टीसीएल पावडर : किती घालायची?

गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. आपल्याकडे वाटली जाणारी अर्ध्या ग्रॅमची गोळी वीस लिटरला एक अशी असते, पण एक लिटरची गोळीही मिळते. म्हणून पाकिटावर लिहिलंय तेच खरं. आशाताई द्रव क्लोरीनची बाटली देतात, तिच्यावरही प्रमाण छापलेलं असतं.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ३० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात घोळा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी बाटलीत भरा. हे सुमारे एक टक्क्याचं द्रावण झालं. वीस लिटर निवळलेल्या पाण्याला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली. पाणी किंचित गढूळ राहिलं असेल तर दोन चमचे. ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. त्यानंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. अजिबात आला नाही तर तेवढंच पुन्हा घाला आणि आणखी पंधरा मिनिटं थांबा.

शहरात पावडर नसेल तर बिनवासाचं, बिनरंगाचं पाच टक्क्यांचं ब्लीच चालतं : निवळ पाण्याला लिटरमागे दोन थेंब, गढूळ असेल तर चार. फरशी पुसायची सुगंधी द्रव्यं अजिबात नकोत.

उघड्यावर राहिलेल्या, गोळे झालेल्या, वास गेलेल्या पावडरीत दम उरलेला नसतो. आणि टीसीएल कधीही संडास साफ करायच्या ॲसिडजवळ नेऊ नका. त्यातून निघणारा वायू जीव घेऊ शकतो.

१०. पूर ओसरला. विहीर कशी शुद्ध करायची?

घाई करू नका. आजूबाजूची जमीन पाण्याने फुगलेली असताना मोठा पंप लावून विहीर एकदम उपसली, तर आत दाबाचा तोल जाऊन बांधकाम ढासळतं. भोवतालची पातळी उतरू द्या आणि टप्प्याटप्प्याने उपसा. विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडून बघा. तो विझला तर आत हवा नाही, कोणीही उतरायचं नाही. कंदील जळत राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका. त्याच्या धुराने माणसं गेली आहेत.

गाळ काढून, कठडा आणि भिंती घासून झाल्या की पाणी मोजा. व्यास मीटरमध्ये, त्याला पुन्हा व्यासाने गुणा, पाण्याच्या खोलीने गुणा आणि ७८५ ने गुणा. लिटर निघतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे २८,२६० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे इथे सुमारे ७० ग्रॅम.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं थांबा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली विहिरीत सोडून वर-खाली हलवत पाणी ढवळा. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही. तासाभराने थोडं पाणी नळीत घेऊन ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करा. नळीत पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही आला तर पुन्हा मात्रा द्या, पुरानंतरच्या पहिल्या वेळी बहुधा द्यावीच लागते. नळीतलं तपासलेलं पाणी पिऊ नका, ओतून द्या.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे टीसीएल आणि ओटीची बाटली असते. त्याच्याकडून करून घ्या आणि आपणही शेजारी उभं राहून बघा. पाणी पूर्ववत होईपर्यंत नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह धरा.

११. विहिरीत लाल औषध टाकलं, तांब्याच्या हंड्यात पाणी ठेवलं, तर चालतं ना?

लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. गुलाबी रंग दिसतो म्हणून विश्वास बसतो, पण पिण्याच्या पाण्यातले सगळे जंतू त्याने मरत नाहीत. भाजी, फळं धुवायला वापरा, विहिरीला टीसीएलच. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात काही जंतू मरतात हे प्रयोगशाळेत दिसलंय. घरातल्या बऱ्या पाण्यासाठी ती सवय छान आहे, पुराच्या पाण्यासाठी पुरेशी नाही.

१२. चूल नाही, औषध नाही, फक्त ऊन आहे. काही करता येईल?

हो. रंगहीन, पारदर्शक प्लास्टिकची, दोन लिटरपेक्षा मोठी नसलेली बाटली घ्या. लेबल काढा. गाळून निवळलेलं पाणी भरा आणि बाटली आडवी करून कातळावर किंवा पत्र्यावर सहा तास कडक उन्हात ठेवा. अर्धं आभाळ भरलं असेल तर सलग दोन दिवस. पाण्यातून पलीकडच्या कागदावरची अक्षरं वाचता आली नाहीत तर ते या रीतीसाठी जास्त गढूळ आहे. उन्हाळ्यात गडावर हे जमतं, पावसाळी पुरात नाही.

१३. फिल्टरची बाटली जवळ आहे. मग बाकीचं कशाला?

बारीक नळ्यांचा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि आमांशासारखे परजीवी अडवतो. कावीळ, रोटाव्हायरससारखे विषाणू त्याहून लहान असतात, ते निसटतात. माणसांच्या वस्तीखालचं पाणी असेल तर गाळल्यावर क्लोरीनही घाला. उलट काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, ते फिल्टरने किंवा उकळून जातात. घरातलं आरओ यंत्र विजेवाचून बंद, हे पुरातच आठवतं.

१४. उकळूनही कोणतं पाणी पिऊ नये?

ज्यात जंतूंपेक्षा रसायनं आणि क्षार हा खरा प्रश्न आहे ते. कीटकनाशक, डिझेल, कारखान्याचं सांडपाणी यांचा वास किंवा तवंग असलेलं पाणी सोडून द्या. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातलं खारं पाणी, किंवा यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही बोअरमधलं फ्लोराइड, उकळल्याने जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट घट्ट होतं.

समुद्राचं पाणी तर कधीच नाही, थोडंही नाही. त्यात साडेतीन टक्के मीठ असतं. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावं लागतं. किनाऱ्यावर अडकलात तर शहाळं शोधा.

१५. निवडुंग कापला की पाणी मिळतं म्हणतात. खरं का?

आपल्याकडे नाही. सह्याद्रीतल्या निवडुंगाचा पांढरा चीक विषारी असतो. डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. ऐनाच्या खोडातल्या फुगवट्यात कधी कधी पाणी साठतं हे खरं, पण कोणत्या झाडात आहे ते जंगलात वाढलेल्या माणसालाच कळतं. पानांच्या फांदीला पिशवी बांधून मिळणारं पाणी दिवसाला काही घोट. कण्हेर, रुई यांना तर पिशवी बांधूच नका.

१६. तान्हं बाळ आणि गरोदर बाई असेल तर वेगळं काय?

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध. वरचं पाणी नको, पुरातही नको. त्याच्या वाटचं शुद्ध पाणी आईला जास्त द्या. वरच्या दुधावरचं बाळ असेल तर उकळलेलंच पाणी वापरा आणि वाटी-चमचाही उकळा. पाणी शुद्ध करायला आयोडीन वापरण्याची रीत आहे, पण गरोदर बाई आणि थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी ती टाळावी. त्यांना क्लोरीन किंवा उकळणं.

१७. शुद्ध करायला काहीच नाही आणि माणूस गळून गेलाय. तसंच पाणी पाजावं का?

पाजा. हा प्रश्न लोक अगदी चाचरत विचारतात, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. उन्हाने कोरडा पडलेला माणूस काही तासांत जाऊ शकतो. जुलाब-काविळीला दिवस किंवा आठवडे लागतात आणि त्यांवर उपचार आहेत. त्यातल्या त्यात बरं पाणी निवडा (प्रश्न ३ आणि ४), फडक्याच्या घड्यांतून गाळा आणि घोट घोट द्या. रसायनाचा वास असलेलं आणि समुद्राचं पाणी या सवलतीत बसत नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवा, कपडे ओले करा, वारा घाला आणि उचलून खाली न्यायची सोय करा.

नंतर जुलाब सुरू झाले तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचं असंच द्रावण तोंडाने देऊन हजारो कॉलरा रुग्ण वाचवले होते. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाला एक पेला, लहान मुलाला अर्धा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. शौचात रक्त दिसलं, लघवी सहा तास झाली नाही किंवा माणूस ग्लानीत गेला, तर १०८ ला फोन करा.